गाभ्यातला झोल

कोकणात वहाळावर आडवे टाकलेले माडाचे नाहीतर पोफळीचे दोन-तीन ओंडके म्हणजे साकव. धरायला बांबूची आडवी काठी असली तर असली. आमच्या वाडीखालचा साकव दर पावसाळ्यात एकदा तरी वाहून जाई, आणि पाणी उतरल्यावर नवे ओंडके मिळून ते बसवेपर्यंत मुलांची शाळा बुडे. पाच वर्षांपूर्वी माझ्या मनात आले, की दोन माणसांना सहज उचलता येईल असा हलका साकव केला तर? पाणी चढू लागले की काढून पडवीत ठेवायचा, उतरले की पुन्हा टाकायचा. त्या एका फळीने मला जे शिकवले, त्याची ही हकीकत आहे.

मी अभियंता नाही. बी.कॉम. करून फायबरच्या धंद्यात शिरलो आणि पाण्याच्या टाक्या, होड्यांची डागडुजी, गणपतीची मखरे करता करता हळूहळू त्यामागचे शास्त्र वाचू लागलो. ते वाचन कोणाच्या हाताखाली झाले नाही, त्यामुळे त्यात खड्डे राहिले. त्यातल्याच एका खड्ड्यात माझा साकव अडकला.

फळी हलकी हवी आणि ताठही हवी, म्हणजे सँडविच रचना आलीच. तिचे तत्त्व साधे आहे. पायाखाली वाकणाऱ्या फळीचा वरचा पृष्ठभाग दाबला जातो आणि खालचा ताणला जातो. मधल्या भागाला यातले फारसे काही सोसावे लागत नाही. मग मधला भाग जड कशाला ठेवायचा? मजबूत साहित्याचे दोन पापुद्रे वर-खाली ठेवावेत आणि मध्ये काहीतरी हलके भरून त्यांना एकमेकांपासून दूर धरावे. आपल्या कवटीचे हाड असेच आहे. बाहेरचा व आतला थर घट्ट हाडाचा, मध्ये जाळीदार. डी हॅविलंड कंपनीचे मॉस्किटो विमान २५ नोव्हेंबर १९४० रोजी पहिल्यांदा उडाले, त्याचे धडही बर्च लाकडाच्या दोन पातळ प्लायवूडमध्ये बाल्सा भरून केलेले होते. महायुद्धाच्या काळात फर्निचर करणाऱ्या सुतारांच्या हातून लढाऊ विमान घडले, याचे मला अजून नवल वाटते. (ही विमाने भारतातही आली. १९४४ साली इथे काहींच्या पंखांचे सांधे निकामी झाल्याने ती काही काळ जमिनीवरच ठेवावी लागली. दोष इथल्या दमट उष्ण हवेचा, की कारखान्यातल्या जोडकामाचा, यावर बराच वाद झाला. चिकटकाम हा स्वतंत्र विषय आहे. इथे सगळे नीट चिकटले आहे असे धरून चालू.)

पापुद्रे दूर नेल्याने किती फरक पडतो हे आकड्यांत पाहावे. माझ्या फळीचे टेकूंमधले अंतर २.४ मीटर होते आणि रुंदी ६० सें.मी. वर-खाली काचतंतूच्या रोव्हिंगचे तीन-तीन मि.मी. जाडीचे पापुद्रे आणि मध्ये ४० मि.मी. जाडीचा गाभा. हेच दोन पापुद्रे गाभ्याशिवाय एकमेकांना चिकटवून सहा मि.मी.चा सलग पत्रा केला असता, तर तो दोन टेकूंवर ठेवलेल्या गोधडीसारखा लोंबला असता. गाभा घातल्याने वाकण्याला होणारा विरोध सुमारे दीडशे पट वाढतो. साहित्य तेवढेच, वर सव्वादोन किलो फोमची भर. संपूर्ण फळीचे वजन सतरा किलो भरले. दोन बायका गप्पा मारत उचलतील असे.

फोम मी वापरला तो आंब्याच्या कोल्ड स्टोरेजच्या कामातून उरलेला. आपल्याकडे त्याला सरसकट ‘पफ’ म्हणतात. तो स्वस्त असतो, कुठेही मिळतो, पाणी फारसे पीत नाही. वजन घनमीटरला साधारण चाळीस किलो. हा फोम थंडावा राखण्यासाठी जन्माला आला आहे, माणसे पेलण्यासाठी नव्हे, हे तेव्हा डोक्यात आले नाही.

हिशेब मात्र मी केला होता. तुळईच्या मधोमध भार ठेवला तर ती किती खाली येते, याचे सूत्र कोणत्याही डिप्लोमाच्या पुस्तकात सापडते. भाराला अंतराच्या घनाने गुणायचे आणि तुळईच्या ताठरपणाच्या ४८ पटीने भागायचे. ऐंशी किलोचा माणूस मध्ये उभा राहिला तर माझी फळी नऊ मि.मी. खाली जाईल, असे उत्तर आले. या खाली जाण्याला पुस्तकात विक्षेप म्हणतात. आम्ही वर्कशॉपमध्ये झोल म्हणतो, आणि मी इथे तोच शब्द वापरणार आहे. बोलीत झोल म्हणजे लबाडीही, पण ते इथे विजोड नाही.

फळी टाकली त्या दिवशी पहिली मुले धावत गेली, त्यांना काहीच वाटले नाही. मग कडेवर नातवाला घेतलेल्या एक आजी मध्यापर्यंत गेल्या, थांबल्या आणि पाऊल मागे घेत परतल्या. “बाबा, हा खाली जातो रे,” म्हणाल्या. मी म्हटले, “आजी, मोडायचा नाही तो.” त्या म्हणाल्या, “मोडायचा नाही हे तुला ठाऊक. माझ्या पायाला कसं कळावं?”

माझे म्हणणे खोटे नव्हते. ताकदीच्या हिशेबाने ती फळी कितीतरी पट सुरक्षित होती. पण मोडणे आणि वाकणे हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि चालणाऱ्याचा विश्वास दुसऱ्यावर ठरतो. त्याच संध्याकाळी फळी वर्कशॉपमध्ये आणली, दोन घोड्यांवर ठेवली, मध्ये आडवी पट्टी टाकून तिच्यावर वीस-वीस किलो वाळूची चार पोती ठेवली आणि दोरा ताणून मोजले. झोल पंधरा मि.मी.

नवाचे पंधरा कसे झाले? मी दोष हातकामाला दिला. हाताने रेझिन लावलेल्या थरात काचतंतूचे प्रमाण कमी-जास्त होते आणि ताठरपणा उतरतो. म्हणून दुसरी फळी केली, गाभा तोच ठेवून पापुद्रे दुप्पट, सहा-सहा मि.मी.चे. हिशेब सांगत होता चार मि.मी. मोजले तर नऊ! आणि वजन सतरावरून बत्तीस किलोवर गेले होते. ती उचलून पडवीत ठेवणार कोण? ज्यासाठी हा खटाटोप, तेच त्यातून निघून गेले.

त्या रात्री चारही आकडे एका कागदावर लिहून बसलो. पहिल्या फळीत हिशेब नऊ, मोजमाप पंधरा. दुसरीत हिशेब चार, मोजमाप नऊ. दोष पापुद्र्यांच्या ताठरपणात असता, तर चूक दोन्हीकडे सारख्या प्रमाणात यायला हवी होती. दीडपटीहून थोडी जास्त म्हणजे दुसऱ्या फळीत साडेसहा-सात मि.मी. फार तर. तसे झाले नव्हते. दोन्ही फळ्यांमध्ये हिशेबाबाहेरचा झोल पाच-सहा मि.मी. होता, जवळजवळ तेवढाच. पापुद्रे दुप्पट करूनही तो ढिम्म हलला नव्हता. म्हणजे तो पापुद्र्यांतून येतच नव्हता. उरला गाभा.

इथे वाचकांनी हातातला अंक मिटून दोन्ही हातांनी थोडा वाकवून पाहावा. पाठीच्या बाजूला पाने बांधलेली आहेत, पण समोरची मोकळी कड पाहिली तर ती तिरकी झालेली दिसेल, कारण पाने एकमेकांवरून सरकली आहेत. कुठलेही पान फारसे ताणले गेले नाही की दबले गेले नाही, तरी अंक वाकला. हीच पाने एकमेकांना डिंकाने घट्ट चिकटवली असती, तर अंकाची फळी झाली असती आणि वाकवायला जोर लागला असता. आता कल्पना करा की डिंकाऐवजी पानांमध्ये मऊ रबर आहे. पाने थोडी सरकतील, थोडी अडतील. माझ्या फळीत नेमके हेच चालले होते. वरचा पापुद्रा खालच्याच्या तुलनेत सरकू पाहत होता आणि मधला पफ त्याला पुरेसा अडवत नव्हता. गाभ्याच्या कडेवर पेन्सिलीने चौकोन काढले असते तर भार येताच ते कलंडून समांतरभुज चौकोन झालेले दिसले असते.

या कलंडण्याला अभियांत्रिकीच्या मराठीत कर्तन म्हणतात आणि वाकण्याला नमन. सँडविच फळीचा झोल म्हणजे या दोहोंची बेरीज. पुस्तकातले माझे सूत्र फक्त नमनाचे होते. ते चुकीचे नाही, अपुरे आहे. भरीव लोखंडी पट्टी घेतली आणि टेकूंमधले अंतर तिच्या जाडीच्या वीस पट असले, तर कर्तनाचा वाटा एका टक्क्याहूनही कमी भरतो. म्हणून पिढ्यान्‌पिढ्या तो सोडून देत आले आणि ते बरोबरच होते. स्टीफन टिमोशेंको यांनी १९२१ साली कंप पावणाऱ्या दांड्यांवरच्या निबंधात ही दुरुस्ती मांडली. आज कर्तनासह विचार केलेल्या तुळईला त्यांचेच नाव दिले जाते. भरीव लोखंडात ती दुरुस्ती सहसा बारीकसारीकच राहते. मऊ गाभ्याच्या फळीत मात्र ती निम्म्याशी येऊन बसते.

कर्तनाचा झोल कसा काढायचा हे मला हॉवर्ड अ‍ॅलन यांच्या १९६९ साली निघालेल्या सँडविच पॅनेलवरच्या पुस्तकात सापडले. सूत्र पाहून मी आधी घाबरलो, मग लक्षात आले की ते नमनाच्या सूत्राहून सोपे आहे. त्याला मी ‘उताराची रीत’ म्हणतो. मध्ये ऐंशी किलो ठेवले की प्रत्येक टेकूकडे चाळीस किलोचा जोर जातो. हा जोर गाभ्याच्या उभ्या छेदावर वाटला जातो आणि गाभा त्याच्या मऊपणानुसार कलंडतो. म्हणजे फळीला टेकूपासून मध्यापर्यंत एक सरळ उतार मिळतो. माझ्या पफमध्ये तो उतार दर मीटरला सुमारे पावणेपाच मि.मी. निघाला. टेकूपासून मध्य १.२ मीटरवर, म्हणून खाली येणे ५.७ मि.मी. नमनाचे नऊ आणि हे पावणेसहा मिळून पावणेपंधरा. झाला हिशेब पुरा.

उतार डोळ्यांसमोर ठेवला की पुढच्या गोष्टी आपोआप उलगडतात. पापुद्रे जाड केल्याने उतार जवळपास बदलत नाही, कारण कलंडतो तो गाभा. माझ्या दुसऱ्या फळीचे कोडे तिथेच सुटले. आणि अंतर निम्मे केले तर? नमनाचा झोल अंतराच्या घनावर चालतो, म्हणून तो आठवा हिस्सा होतो. उतार मात्र तेवढाच राहतो, फक्त उतरायची लांबी निम्मी होते, म्हणून कर्तनाचा झोल निम्माच होतो. परिणामी आखूड फळीत कर्तनाची सत्ता वाढते. माझी पहिली फळी १.२ मीटरच्या टेकूंवर ठेवली तर नमनाचा झोल १.१ मि.मी. आणि कर्तनाचा २.८, म्हणजे अडीच पट. ‘आखूड आहे, काय वाकणार’ असे आमच्या धंद्यात सर्रास म्हणतात, ते मऊ गाभ्याला लागू नाही.

याच फरकातून दोन झोल वेगळे करण्याची एक युक्ती निघते. परदेशी प्रमाणित चाचण्याही याच तत्त्वावर आहेत. मला ती आवडते, कारण तिला ना प्रयोगशाळा लागते ना फोमवाल्याचा छापील तक्ता. तीच फळी, तोच भार, दोन मोजमापे घ्यायची, एकदा पूर्ण अंतरावर आणि एकदा निम्म्यावर. निम्म्या अंतराच्या झोलाची दुप्पट करून ती पूर्ण अंतराच्या झोलातून वजा करायची. दुप्पट केल्याने कर्तनाचा वाटा दोन्हीकडे समान होतो आणि वजाबाकीत उडून जातो. उरतो नमनाच्या झोलाचा बरोबर तीन-चतुर्थांश. आठव्या हिश्श्याची दुप्पट पाव, ती एकातून गेली. दोऱ्यावर विसंबून न राहता मी एका लेथवाल्या मित्राचा डायल गेज आणला. पूर्ण अंतरावर १४.८ मि.मी. आले, निम्म्यावर ४.०. वजाबाकी ६.८. तिला चाराने गुणून तिनाने भागले की ९.१ हा नमनाचा झोल, आणि उरलेला ५.७ कर्तनाचा. माझे हातकाम निर्दोष ठरले, याचा आनंद लपवत नाही. एवढे मात्र सांभाळावे, की निम्म्या अंतराचे मोजमाप बारकाईने घ्यायचे, कारण तिथली चूक दुपटीने पुढे जाते. शिवाय टेकूवर फोम चेपला जातोय का तेही पाहावे. मी टेकूंवर आणि भाराखाली रुंद लाकडी पट्ट्या घातल्या होत्या.

या ५.७वरून पफचा कर्तन गुणांक काढला तो तीन मेगापास्कलच्या आसपास आला. हा गुणांक म्हणजे कलंडण्याला होणारा विरोध. तुलनेसाठी, पोलादाचा सुमारे ऐंशी हजार असतो. होड्यांसाठी मिळणाऱ्या घनमीटरला ऐंशी किलोच्या पीव्हीसी फोमचा सत्तावीसच्या घरात, म्हणजे वजन पफच्या दुप्पट पण विरोध नऊ पट. बाल्सा उभ्या धाग्याने लावला तर शंभराच्या पुढे जातो. विमानांत वापरतात त्या अ‍ॅल्युमिनिअमच्या मधपोळ्याचा गुणांक याहूनही जास्त असू शकतो, पण तिथे एक खोच आहे. पट्ट्यांच्या दिशेने तो जितका असतो, त्याच्या साधारण निम्माच आडव्या दिशेने. तुकडा काटकोनात फिरवून बसवला तर झोल वाढतो आणि बाहेरून पाहणाऱ्याला काही कळत नाही.

मग तिसरी फळी. पर्याय तीन होते. पापुद्रे जाड करण्याची गत पाहिलीच होती, पंधरा किलोची भर आणि झोल नऊ. पफच ठेवून गाभा ४०चा ६० मि.मी. केला तर वजन फक्त सव्वा किलोने वाढत होते आणि झोल येत होता आठ. जाड पापुद्र्यांपेक्षाही कमी, आणि जवळपास फुकटात! हे पाहून मी कपाळावर हात मारला. गाभा जाड केल्याने पापुद्रे आणखी दूर जातात म्हणून नमन निम्म्याहून खाली येते, आणि कलंडायला जास्त छेद मिळतो म्हणून उतारही कमी होतो. तिसरा पर्याय ६० मि.मी.चा पीव्हीसी गाभा. हिशेबात झोल ४.७, वजन बावीस किलो. पीव्हीसी फोम महाग, आणि आमच्या बाजूला सहज मिळत नाही. तरी तोच मागवला, कारण पफवरचा माझा विश्वास तोपर्यंत वेगळ्याच गोष्टीने उडाला होता. नवी फळी भाराखाली पाच मि.मी. गेली. आजी पलीकडे गेल्या. फळीबद्दल त्या काहीच बोलल्या नाहीत, वाटेतल्या घाणेरीच्या झुडपांबद्दल बोलल्या.

आता ती वेगळी गोष्ट. डायल गेजच्या मोजणीनंतर पहिल्या फळीवर पुन्हा चार पोती ठेवली होती, तेवढ्यात एका होडीचे तातडीचे काम आले आणि ती तशीच राहिली. आठ दिवसांनी पाहिले तर पावणेपंधराचा झोल एकोणीस मि.मी. झाला होता. भार तोच, फळी तीच. काचतंतूचे पापुद्रे असल्या हलक्या ताणात आठ दिवसांत फारसे हलत नाहीत, हलला तो फोम. सततच्या भाराखाली तो हळूहळू कलंडत राहतो. पफ पॅनेलची छपरे आणि भिंती करणाऱ्यांसाठी युरोपात जे मानक आहे, त्यात गाभ्याच्या या सरकण्याचा हिशेब म्हणूनच वेगळा धरतात. बर्फाचा भार किंवा छपराचे स्वतःचे वजन दीर्घकाळ राहते, आणि पहिल्या दिवशी मोजलेला कर्तनाचा झोल काही वर्षांत कित्येक पट होऊ शकतो. उन्हात तापलेल्या छपराखाली फोम आणखी मऊ पडतो तो वेगळाच. माणूस साकवावरून चार पावलांत पार होतो, पण तिथे पाण्याची वाट पाहत सामानाची पोती तासन्‌तास ठेवली जाणार, हे मला दिसत होते.

पोती उतरवल्यावर पहिली फळी लगेच बरीच वर आली. उरलेले चार मि.मी. परत यायला पुढचे दोन आठवडे लागले, आणि त्यातला दीड मि.मी. अजून परत आलेला नाही. फळी वर्कशॉपच्या भिंतीला टेकवून ठेवली आहे. तिच्यावर मी रंगाचे डबे ठेवत नाही.